समजलं का, हे विचारायची सोय नाही

सोमवार

बातम्यांच्या एका टीव्ही चॅनलवर नव्या नोकरीत रुजू झाले. ओळखपत्र मिळालं, संगणकाचा पासवर्ड मिळाला, खुर्ची मात्र मिळाली नाही. म्हणजे बसायला आहे, पण ती माझी नाही, शिफ्टची आहे. मी उठले की पुढच्या शिफ्टचा माणूस तिथे बसणार, म्हणून वही, पेन, चष्म्याची डबी सगळं जाताना पिशवीत. गेली काही वर्षं घरातल्या एकाच टेबलावरून मुलांना ऑनलाइन भूगोल शिकवत होते. त्या टेबलावरचा पृथ्वीगोल कॅमेऱ्यात किती दिसायला हवा, हेसुद्धा ठरलेलं होतं.

ज्याला त्याला एकच प्रश्न पडलाय, 'मग टीव्हीवर कधी दिसणार?' कधीच नाही. मी आउटपुट डेस्कवर आहे. बातमी आणणारे ते इनपुट, म्हणजे वार्ताहर, स्ट्रिंगर (बातमीमागे पैसे घेणारे गावोगावचे वार्ताहर) आणि कुणाला कुठे पाठवायचं ते ठरवणारं असाइनमेंट. आलेलं सगळं पडद्यावर जाण्याजोगं करणारे ते आउटपुट. आम्ही लिहितो, कापतो, क्रम लावतो. खरं सांगायचं तर मला न दिसण्याचाच आनंद जास्त आहे. स्क्रीनच्या कोपऱ्यात स्वतःचाच चेहरा बघत तासन्‌तास बोलायचं, हा प्रकार माणसाच्या जातीला मानवणारा नाही.

आजचा बहुतेक वेळ रनडाऊन समजून घेण्यात गेला. बुलेटिनमधल्या बातम्यांची ही क्रमवार यादी सगळ्यांच्या पडद्यावर एकाच वेळी उघडी असते. प्रत्येक बातमीपुढे तिचं स्लग म्हणजे एक-दोन शब्दांचं कामचलाऊ नाव, प्रकार, वाचणारा अँकर आणि सेकंद. प्रोड्यूसरने एक ओळ वर सरकवली की पीसीआर (जिथून बुलेटिन चालवतात ती कंट्रोल रूम), ग्राफिक्स, अँकरला मजकूर दाखवणारा प्रॉम्प्टर, सगळीकडे ती वर सरकते. मोजणी शेवटाकडून सुरू होते. बुलेटिन अमुक वाजता संपायलाच हवं, तर शेवटची बातमी केव्हा सुरू व्हावी, तिच्या आधीची केव्हा, असं उलटं मागे येत राहायचं. याला बॅक टाइमिंग म्हणतात. शिकवताना तास कमी पडला की मी 'उरलेलं उद्या' म्हणायचे. इथे उरलेलं टाकून देतात. पूर्ण तयार झालेली एक बातमी प्रोड्यूसरने 'ड्रॉप' एवढ्या एका शब्दात उडवली, आणि जिने ती दोन तास खपून केली होती त्या मुलीने मान वरसुद्धा केली नाही. मला मात्र घरी येईपर्यंत त्या बातमीची हळहळ वाटत होती. कशाबद्दल होती ते आता आठवत नाही.

मंगळवार

लिहायला दिलं. इथला हिशेब सोपा आहे, दोन शब्दांना एक सेकंद. वीस सेकंदांचा अँकर (दृश्यांआधी अँकरने वाचायचा मजकूर) म्हणजे चाळीस शब्द. त्यात बातमी सांगायची, शिवाय पुढची दृश्यं सुरू होतील अशा बेताने थांबायचं. दृश्यांत जे दिसतंय ते शब्दांत सांगायचं नाही. पूर आला आहे हे पडद्यावर दिसतंच. पाणी कुठून आलं, धरणाचे दरवाजे केव्हा उघडले, आता ते वाढतंय की ओसरतंय, हे आवाजाने सांगायचं.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, ही गोष्ट मी आजवर फक्त व्याकरणाच्या पुस्तकात वाचली होती. आज ती अंगावर आली. 'अमुक खात्याच्या तमुक समितीने गेल्या महिन्यात सादर केलेल्या अहवालात सुचवलेल्या शिफारशींपैकी तीन शिफारशी सरकारने' इथपर्यंत ऐकणारा सगळं हातात धरून उभा असतो, आणि 'स्वीकारल्या' की 'फेटाळल्या' हे त्याला शेवटच्या शब्दाला कळतं. कागदावर हे चालतं, डोळा मागे जाऊन पुन्हा वाचतो. कानाला मागे जाता येत नाही. म्हणून तोडायचं. सरकारने तीन शिफारशी स्वीकारल्या आहेत. अहवाल गेल्या महिन्यातला आहे. कोण म्हणालं ते आधी, काय म्हणालं ते नंतर. नाहीतर आरोप आमच्याच तोंडी बसतो आणि 'असं ते म्हणाले' ऐकू येईपर्यंत माणूस पुढच्या खोलीत गेलेला असतो.

शिकवताना माझी वाक्यं अर्धवटच असायची. एक सुरू करायचं, मुलाच्या आवाजावरून अंदाज घ्यायचा, सोडून द्यायचं, दुसरं धरायचं. ते वाईट बोलणं नव्हतं, ते शिकवणंच होतं. इथे अर्धवट वाक्याला जागा नाही.

आकड्यांचंही तसंच. प्रॉम्प्टरसाठी लिहिताना आकडे अक्षरी लिहायचे, कारण 79 वाचताना भलाभला अँकर एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांच्या मधोमध अडकतो. डेस्कवर माझ्या शेजारी बसणारा मुलगा म्हणाला, 'मॅडम, शक्यतो सुमारे ऐंशी करा.' माझ्यातल्या शिक्षिकेला हे फार लागलं. पण ऐकणाऱ्यासाठी तेच बरोबर आहे, निदान जिथे नेमका आकडा हीच बातमी नाही तिथे.

(मला इथे सगळे मॅडम म्हणतात. बाकी एकमेकांना नावाने हाका मारतात. हे किती दिवस चालतं बघू.)

बुधवार

थोडक्यात. स्टुडिओ पाहिला. बाहेरून वाटतो त्याच्या निम्मा आहे आणि थंडगार. प्रॉम्प्टर पहिल्यांदा जवळून पाहिला. कॅमेऱ्याच्या भिंगासमोर 45 अंशांत तिरकी बसवलेली काच, खालच्या मॉनिटरवर उलटी अक्षरं, काचेत ती सुलटी दिसतात आणि कॅमेरा काचेच्या आरपार अँकरला पाहतो. वेग ऑपरेटरच्या हातात असतो; तो अँकरच्या मागे जातो, अँकर त्याच्या मागे जात नाही. मला उलटं वाटायचं. यंत्र 1950 च्या सुमारास अमेरिकेत तयार झालं, ह्यूबर्ट श्लाफ्ली नावाच्या अभियंत्याने केलं, कल्पना फ्रेड बार्टन या नटाची, ज्याला संवाद पाठ करण्याचा ताण यायचा. सुरुवातीला ती कॅमेऱ्याजवळ फिरणारी कागदाची गुंडाळीच होती.

मी वेबकॅमच्या बाजूला चिठ्ठ्या चिकटवायचे. मुलांकडे पाहिलं की मुलांना मी खाली बघतेय असं दिसायचं, भिंगाकडे पाहिलं की मला मुलं दिसायची नाहीत. या एवढ्याशा तिरक्या काचेने किती वर्षांचा त्रास वाचला असता.

गुरुवार, रात्री उशिरा

आज दिवस माझा होता म्हणायला हरकत नाही. दुपारी दूरच्या समुद्रात भूकंप झाल्याचा फ्लॅश आला. 6.4. सगळ्या डेस्कवर एकदम आवाज वाढला आणि शिफ्ट इनचार्ज माझ्याकडे वळून म्हणाले, 'मॅडम, तुमचा विषय. चाळीस सेकंद. रिश्टर-बिश्टर नको.'

चाळीस सेकंद म्हणजे ऐंशी शब्द. भूकंपाचा आकडा या विषयाला मी पूर्ण तास द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी शंकांसाठी अर्धा. रिश्टरने 1935 मध्ये मांडलेलं मोजमाप मुळात कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी होतं. मोठ्या भूकंपांसाठी आता वेगळी पद्धत वापरतात, ती 1979 मध्ये आली, तरी बातम्यांत रिश्टर काही सुटत नाही. आकडा एकाने वाढला की कंपनांचा विस्तार, म्हणजे नोंदीतल्या लाटेची उंची, दहापट आणि ऊर्जा सुमारे 32 पट. म्हणजे दोनाने वाढला तर ऊर्जा हजारपट, हे कळल्यावर मुलं चॅटमध्ये डोळे विस्फारलेले चेहरे पाठवायची. भूकंपाला आकडा एकच असतो, पण हादरा प्रत्येक ठिकाणी निराळा, कारण तो अंतरावर, खोलीवर आणि पायाखालच्या मातीवर ठरतो. या सगळ्यातलं काय ठेवायचं?

आणखी एक गंमत होती. आलेल्या माहितीत खोली 10 किलोमीटर लिहिली होती. उथळ भूकंपाची खोली नोंदींवरून नीट काढता येत नसेल तेव्हा भूकंपशास्त्रज्ञ बऱ्याचदा 10 किलोमीटर हा आकडा धरून चालतात. तो मोजलेला असतोच असं नाही. आमच्या बँडवर, म्हणजे पडद्यावरच्या मजकुराच्या पट्टीवर, मात्र तो 'अवघ्या 10 किलोमीटर खोलीवर' असा थरारत जायला तयार झाला होता. मी 'अवघ्या' काढायला सांगितलं. ग्राफिक्सवाल्याने खांदे उडवले आणि काढलं.

लिहिलेलं मी शेजारच्या व्हिडिओ एडिटरला वाचून दाखवलं. त्याने हेडफोन एका कानावरून बाजूला केला, हात कीबोर्डवरच. ऐकून म्हणाला, 'म्हणजे मोठा आहे की नाही?'

त्याच्या या प्रश्नाने सगळं ठरलं. विस्तार, ऊर्जा, रिश्टर, सगळं गेलं. त्या जागी एक वाक्य आलं: सहाहून मोठे भूकंप जगात दरवर्षी शंभराहून अधिक होतात, त्यातले बरेच समुद्राखाली. आणि त्याच्या आधी, आकडा प्राथमिक आहे. इनचार्जनी वाचलं, त्सुनामीच्या इशाऱ्याचं वाक्य सर्वांत वर नेलं (बरोबरच होतं) आणि जाऊ दिलं. तासाभराने आकडा 6.2 झाला. असं होतंच, सुरुवातीला थोड्या भूकंपमापन केंद्रांच्या नोंदी हातात असतात, नंतर जास्त येतात. बँडवर नुसता आकडा बदलला. दुसऱ्या एका चॅनलवर तोवर 6.4 आणि 6.2 हे दोन भूकंप झाले होते.

माझे ऐंशी शब्द ऑन एअर गेले आणि संपले. कुणीही हात वर केला नाही. शिकवताना कॅमेरे बंद असले तरी कुणीतरी एक जण 'मॅम, पुन्हा सांगा ना' म्हणायचा, आणि त्यावरून मला कळायचं की वाक्य कुठे मोडलं. इथे माझं वाक्य किती घरांत पोचलं याचे आकडे येतील, पण ते कळलं का, याचा आकडा येत नाही. आजपुरता तो एका कानाने ऐकणारा एडिटर हाच माझा वर्ग. त्याला हे सांगितलेलं नाही.

शुक्रवार

आज पीसीआरमध्ये मागे उभी राहून लाइव्ह पाहिलं. बाहेरच्या वार्ताहराला स्टुडिओशी जोडणारा उपग्रह 35,786 किलोमीटरवर असतो, आवाज वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद. प्रश्न गेला आणि उत्तर आलं की अर्धा. हल्ली बहुतेक वार्ताहर पाठीवरच्या बॅगेतून, अनेक सिमकार्डांचं नेटवर्क एकत्र करून फीड, म्हणजे चित्र आणि आवाज, पाठवतात, त्यात उशीर आणखी वाढतो. म्हणून अँकरने विचारल्यावर वार्ताहर दोन सेकंद नुसता उभा दिसतो. घरच्यांना वाटतं त्याला ऐकू येत नाही. अँकरलाही तसंच वाटतं, तो पुन्हा विचारायला जातो, तेवढ्यात पहिलं उत्तर सुरू होतं आणि दोघं एकमेकांवर आदळतात. वार्ताहराच्या कानात स्टुडिओतलं सगळं सोडतात, फक्त त्याचा स्वतःचा आवाज वगळून. नाहीतर स्वतःचंच वाक्य उशिराने कानात येऊन माणूस बोलताना चाचरतो. एकाच खोलीत दोन भावंडं दोन फोनवरून तासाला बसली की जो घुमणारा आवाज यायचा, त्याचीच ही शास्त्रशुद्ध काळजी.

या कामात मी कुणाच्या पुढे असेन तर इथे. प्रश्न विचारून थांबणं मला येतं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर उत्तरं लांब आणि चांगली येतात. ऑनलाइन तर तीन पुरत नसत. मूल म्यूट काढणार, घसा साफ करणार, मागचा टीव्ही बंद करायला आईला सांगणार. ती शांतता मी कितीदा गिळली आहे. टीव्हीवर तीन सेकंद शांतता म्हणजे पीसीआरमध्ये आरडाओरडा.

तरी अँकरताईंना ब्रेकमध्ये सांगून पाहिलं, की प्रश्न एकच विचारा, छोटा, आणि मग ओठ मिटून मान हलवा. त्या माझ्याहून वयाने लहान, अनुभवाने खूप मोठ्या. म्हणाल्या, 'मॅडम, मी थांबते हो, पण कानात प्रोड्यूसर थांबत नाही.' हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांच्या कानात सतत कुणीतरी बोलत असतं: पुढे चला, बाइट (कुणाच्या तरी बोलण्याचा तुकडा) तयार नाही, वीस सेकंद ताणा. त्या हे ऐकत असतानाच आपल्याशी शांतपणे बोलत असतात. यापुढे टीव्हीवरच्या बडबडीवर हसताना मी थोडी जपून हसेन. हसेन मात्र.

रविवार

सुट्टी. पण इनचार्जनी काम दिलंय: भूकंपाच्या बातमीसाठी डेस्कवर लावायला एक टिपण. कोणते शब्द वापरायचे, कोणते नाहीत, कोणता आकडा बदलू शकतो, खोलीचं काय. 'अर्ध्या पानात, मॅडम. रात्रीच्या शिफ्टच्या पोराला तीस सेकंदांत वाचता यायला हवं.' माझं पाऊण पान झालं आहे आणि त्यात अजून 10 किलोमीटरचा मुद्दा आलेला नाही. ऊर्जेची 32 पट कापायला हात होत नाहीये. आणि पहिल्याच ओळीत पांढऱ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'मृत्यू' मधला यू दीर्घ. त्याचा भूकंपाच्या आकड्यांशी काही संबंध नाही, पण गुरुवारी टिकरवर, म्हणजे पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या ओळीत, तो दिवसभर ऱ्हस्व फिरत होता, तेव्हा ती ओळ राहील. उद्या दुपारची शिफ्ट आहे. त्याआधी बाकीचं कापते.