कमेंट दिसतच नव्हती राव

सोलराइझ्ड डार्क ही कोड एडिटर आणि टर्मिनलची (कमांड टाइप करायच्या खिडकीची) रंगांची थीम मी कॉलेजपासून वापरतोय. २०११ ची थीम, ती निळसर-हिरवट बॅकग्राउंड, डोळ्यांना कसं गार वाटतं, त्यामुळे संध्याकाळी डोकं दुखायचं तेव्हा थीमवर संशयच नाही आला, नंबर वाढला असेल म्हणून डोळे तपासून आलो. नंबर तोच.

मग परवा दुपारी खिडकीशी बसलेलो, स्क्रीनवर ऊन, आणि स्क्रिप्टमध्ये सगळ्यात वर "हे दोनदा चालवू नका" अशी कमेंट, म्हणजे कोड वाचणाऱ्यासाठी लिहिलेली टीप, होती ती मला दिसलीच नाही. चालवलं दोनदा. टेस्ट डेटाबेस होता म्हणून वाचलो, पण सगळ्या ऑर्डरी डबल, संध्याकाळ निस्तरण्यात गेली.

रात्री चिडून कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि बॅकग्राउंड यांच्या उजेडाचं गुणोत्तर, मोजला. वेबसाइट सगळ्यांना वाचता याव्यात म्हणून जे डब्ल्यूसीएजी नियम आहेत त्यात साध्या मजकुराला किमान ४.५ लागतो. सोलराइझ्डचा नेहमीचा मजकूर ४.७५, म्हणजे काठावर पास. कमेंट २.८! माणसाने माणसासाठी लिहिलेली फाइलमधली एकच गोष्ट, आणि तीच सगळ्यात फिकट का करायची, हे मला आजही कळलेलं नाही.

अजून गंमत म्हणजे झेडशेलचं (टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामचं) ते पुढची कमांड सुचवणारं प्लगिन, ते चालत नाही म्हणून मी काढून टाकलं होतं. चालत होतं हो ते! ते डिफॉल्टला टर्मिनलच्या ठरलेल्या रंगांपैकी ८ नंबरच्या रंगात लिहितं, आणि सोलराइझ्ड डार्कमध्ये ८ नंबर म्हणजे बॅकग्राउंडचाच रंग. पाटीवर कोळशाने लिहिल्यासारखं.

आणि निळा तर कुठल्याही काळ्या टर्मिनलवर रडतोच. उजेडाच्या हिशोबात निळ्याचा वाटा जेमतेम ७ टक्के, हिरव्याचा जवळपास ७२, त्यामुळे काळ्यावर शुद्ध हिरवा १५.३ आणि शुद्ध निळा २.४४. आणि फाइलींची यादी दाखवणारी एलएस कमांड मारली की फोल्डर नेमके निळे.

व्हीएस कोड या एडिटरच्या टर्मिनलमध्ये मिनिमम कॉन्ट्रास्ट रेशो आधीपासून ४.५ वर असतो, म्हणून तिथे हा घोळ जाणवत नव्हता. आयटर्म या मॅकवरच्या टर्मिनलमध्येही मिनिमम कॉन्ट्रास्टचा स्लायडर आहे, तो सरकवला. पण तो टर्मिनलपुरता, एडिटरच्या कमेंटचा रंग हातानेच बदलावा लागला. थीम सोडवत नाही, म्हणून तिच्यातलाच पिवळा घेतला, ४.७ येतो. टीममधला एकजण म्हणाला स्क्रीनला हळद लागलीय. लागू दे.