माणिक आला की माणिक आली?

गुरुवार, रात्र

रविवारी भावाच्या लेकीचं बारसं. आत्या मी एकटीच, म्हणजे कानात कुर्र करायचा मान माझा. नाव ठरवायचा मान मात्र सगळ्या घराचा असतो, हे आठवडाभर बघतेय. नक्षत्र मघा, पहिला चरण, अक्षर ‘मा’. वहिनीची यादी तयारच होती: मायरा, मान्या, माही. मी म्हटलं, माणिक. वहिनी म्हणाली, “अहो वन्सं, पुरुषाचं नाव की ते!” तेवढ्यात आतून आई: “कुठलं पुरुषाचं? बायकांचंच. पण किती जुनं गं!”

दोघींचंही खरं आहे. वहिनीचं माहेर बीदरकडचं. तिकडे हुमनाबादजवळ माणिकनगर आहे, माणिकप्रभूंची समाधी आहे. प्रभूंचा जन्म १८१७चा, समाधी १८६५ची. भक्त त्यांना दत्तावतार मानतात. त्या मुलखात माणिकप्पा, माणिकराव अशी नावं भरपूर. माणिकम्माही आहेत म्हटल्यावर वहिनी जरा गप्प झाली, पण “ते अम्मा लावल्यावर” एवढं पुटपुटलीच. आईच्या डोक्यात मात्र रेडिओ. १९२६ साली जन्मलेल्या माणिक वर्मा तिच्या पिढीच्या घराघरांत गायच्या. पुढे जयपूर-अत्रौली घराण्याच्या माणिक भिडे, किशोरीताई आमोणकरांच्या शिष्या. आईला माणिक म्हटलं की तानपुरा घेतलेली बाईच दिसते.

पूर्वेकडे जावं तर पुन्हा पुरुष. सत्यजित राय यांचं घरातलं लाडाचं नाव माणिक. त्रिपुराचे राजे नावाला माणिक्य जोडायचे, आणि त्याच त्रिपुरात माणिक सरकार १९९८ ते २०१८ मुख्यमंत्री होते. एकच नाव, हुमनाबादला संताचं, पुण्यात गायिकेचं, आगरतळ्यात मुख्यमंत्र्याचं.

मूळ संस्कृत माणिक्य, नवरत्नांतलं लाल रत्न, सूर्याचं. मघा सिंह राशीत, सिंहेचा स्वामी सूर्य, सूर्याचं रत्न माणिक. भटजींना हे सांगितलं तर ते माझ्यावर एकदम खूश. (माझा पत्रिकेवर फारसा विश्वास नाही. पण वाद जिंकायचा असला की चालतं.)

खरा पेच व्याकरणाचा आहे. आमच्या बेळगावकडे नावाला शेपूट लागलं की काम भागतं: यल्लाप्पा आणि यल्लव्वा, सौंदत्तीची देवी यल्लम्मा एकच, अप्पा-अव्वा वेगळे. शेपूट काढलं तर मराठी क्रियापदावर भार टाकते. माणिक आला, माणिक आली. मान देऊन बोला, तरी आले आणि आल्या राहतातच. कन्नडात बंदा (आला), बंदळु (आली) वेगळे, पण मान दिला की दोघांना एकच बंदरु. म्हणजे इथल्या कचेरीत साहेब म्हणाले, “माणिक बंदरु”, तर शिपायाने खुर्ची कुणासाठी पुढे करायची? आणि वर आमची बेळगावी मराठी! कोल्हापूरपासून खानापूरपर्यंत पोरी बिनदिक्कत “मी आलो, मी जेवलो” म्हणतात. पुण्याच्या आतेबहिणी आम्हाला यावरून हसायच्या; आम्हीही कधी बदललो नाही. ही पोर मोठी झाली की फोनवर सांगेल, “माणिक बोलतोय, घरी पोचलो.” आमच्या गल्लीत कुणाच्या भुवया उंचावणार नाहीत. असं नाव खपवून घ्यायला यापरतं दुसरं गाव मला तरी सुचत नाही.

आता चलतीचं म्हणाल, तर ती संपलीय. अमेरिकेत म्हणे १८८० पासूनच्या बाळांच्या नावांचे आकडे सरकारच छापतं, फक्त वर्षात पाचपेक्षा कमी मुलांना दिलेलं नाव त्यात येत नाही. आपल्याकडे माणिक शोधायचं तर मतदारयादी चाळावी, आणि वयाचा रकाना बघावा. बालवाडीच्या हजेरीत आर्या, स्वरा, विहान. का मागे पडलं, याला माझ्याकडे दोन कारणं. एक म्हणजे हल्ली दोन अक्षरांत, शेवटी ‘आ’ आलेलं मुलीचं नाव लोकांना गोड लागतं. दुसरं कारण वहिनीनेच काढलं: माणिकचंद गुटख्याची पुडी. “शाळेत पोरं त्यावरून चिडवतील, तेव्हा तुम्ही येणार का मिटवायला?” याला उत्तर द्यायला मला चहा संपेपर्यंत वेळ लागला. तो गुटखा आजच्या पोरांनी बघितलाय कुठे, असं म्हटलं. तिला पटलेलं दिसलं नाही.

भाऊ नेहमीसारखा मधल्या वाटेवर. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची, नाव वर्षभरात भरलं तरी फी पडत नाही, मग घाई कशाला, असं त्याचं म्हणणं. अरे, पण रविवारी पाळण्यापाशी वाकून मी कानात काय सांगू, “बारा महिन्यांनी कळवते”?

शेवटी मी तोडगा काढला: दाखल्यावर माणिक, घरात मायरा. वहिनीने तोच तोडगा उलटा करून माझ्या हातात दिला. आई म्हणते, दोन्ही नावं ठेवा, पाळण्यातली नावं पाच असली तरी चालतात. उद्या वहिनीचे आईवडील येताहेत. तिचे वडील दर दत्तजयंतीला माणिकनगरला जातात, हे मला आज रात्री भावाकडून कळलंय, आणि वहिनीला अजून सांगितलेलं नाही की मला कळलंय.