फरशीखाली लपवलेली घंटा

आज पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला झायन चर्चच्या तळघरात गेलो होतो. लिबर्टी बेलची, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं प्रतीक मानलेल्या फिलाडेल्फियाच्या तडा गेलेल्या घंटेची, पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे तिथे. त्या तड्यावरून माझी नजर हलेना.

सप्टेंबर १७७७. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू. इंग्रज फौज फिलाडेल्फियाच्या उंबरठ्यावर. शहर पडलं तर घंटा वितळवून तोफा ओततील, म्हणून गावातल्या घंटा उतरवून गाड्यांवर चढवल्या. ही एकटीच साधारण साडेनऊशे किलोंची! वाटेतल्या बेथलेहेम गावात गाडीच मोडली, दुसरीवर घ्यावी लागली. शेवटी ती इथे, जर्मन रिफॉर्म्ड (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) मंडळींच्या चर्चच्या फरशीखाली दडवली. परत गेली ती पुढच्या वर्षी जूनमध्ये.

ही मंडळी कोण? जर्मनीतून पोटासाठी आलेली शेतकरी आणि कारागीर माणसं. घरात जर्मन, प्रार्थनाही जर्मन. ('पेनसिल्व्हेनिया डच' म्हणतात, पण हॉलंडशी संबंध नाही. तेव्हा इंग्रजीत जर्मन लोकांनाही 'डच'च म्हणत.) १७५१ मध्ये फिलाडेल्फियाच्या खुद्द बेंजामिन फ्रँकलिनने लिहिलं होतं की हे लोक आपली भाषा, चालीरीती कधीच घेणार नाहीत, उलट आपल्यालाच जर्मन करून टाकतील. आणि सव्वीस वर्षांनी त्याच्याच शहराची घंटा सांभाळली कोणी? याच लोकांनी!

मला भरून आलं. इतकी वर्षं इथे राहूनही 'मूळची कुठली?' हा प्रश्न मला चुकलेला नाही.

तेव्हाचं चर्च आता उरलेलं नाही, जागा मात्र तीच. निघताना नवऱ्याला म्हटलं, "थांब जरा," आणि पुन्हा खाली जाऊन घंटेच्या काठावर हात ठेवला. गार होती.