दोन हातांनी चारकोल, महिना तिसरा : डग्गा गप्प असतो तेव्हा डाव्या हाताने काय करायचं?

मंडळी, उशीर झालाय अपडेटला, पण या वेळी सांगण्यासारखं आहे.

नव्यांसाठी थोडक्यात : मित्र तबला वाजवतो (उजव्या हाताने तबला, डाव्याने डग्गा) आणि मी त्याच्या हातांकडे बघत दोन्ही हातांनी काढतो, कागदाकडे बघायचं नाही, खोडायचं नाही. कल्पना माझी नाही. मॉर्गन ओ'हारा नावाची अमेरिकन चित्रकार १९८९ पासून हे करतेय, दोन्ही हातांत पेन्सिली धरून लोकांच्या हातांच्या हालचाली टिपते. मी पेन्सिल सोडून चारकोल घेतला कारण मला कागदावर घासल्याचा आवाज हवा होता.

पहिली चूक, समोरासमोर बसलो. त्याचा उजवा हात माझ्या डावीकडे, म्हणजे डोकं सगळं उलटसुलट करण्यातच खर्ची. दोन आठवडे वाया घालवल्यावर अक्कल आली आणि स्टूल घेऊन त्याच्या पाठीमागे, खांद्यावरून हात दिसतील असा बसलो. आता त्याचा उजवा तो माझा उजवा, संपलं.

मग खरी गोष्ट कळली. तीनतालात, म्हणजे सोळा मात्रांच्या तालात, साधा ठेका धरला की दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत, तिं तिं ता ता, डग्गा वाजतच नाही. इतकी वर्षं ऐकतोय, माहीत होतं, पण माझा डावा हात मात्र तिथेही घासत होता, नुसत्या सवयीने, कारण मी बघत नव्हतो, ऐकून अंदाजाने काढत होतो. आता तिथे हात उचलतो आणि हवेत धरून ठेवतो. गंमत म्हणजे कागदावर याचा पत्ताच लागत नाही, आवर्तनांवर आवर्तनं त्याच जागी चढत जातात आणि शेवटी काळा गोळा. 'खाली', म्हणजे तालाचा हा रिकामा भाग, फक्त बघणाऱ्याला दिसते. घिस्सा मात्र कागदावर राहतो, त्याने डग्ग्यावर मनगट दाबून सरकवलं की चारकोलचा जाड फराटा.

आवाजासाठी तपकीर गल्लीतून (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) पिझो डिस्क, म्हणजे कंपनं पकडणारी चकती, आणली आणि बोर्डाच्या मागे चिकटवली. मिक्सरच्या लाइन-इनला लावली तर पत्र्याच्या डब्यात मुंगी चालल्यासारखा आवाज, कारण पिझोचा इम्पिडन्स (विद्युत अवरोध) खूप जास्त आणि लाइन-इनचा कमी, त्यात खालचा सगळा बेस मरतो. गिटारच्या अ‍ॅम्पला लावल्यावर भरीव झाला, पण मग बोर्डाला कोपर लागलं तरी ढगफुटी.

शनिवारी सदाशिव पेठेत एका ओळखीच्यांच्या हॉलमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर केलं, चौदा माणसं, पस्तीस मिनिटं. पंखा बंद ठेवायला लावला, नाहीतर चारकोलची भुकटी पहिल्या रांगेच्या कपड्यांवर, त्यामुळे सगळे घामाघूम. द्रुत लय सुरू झाली आणि उजव्या हातातली कांडी मोडली, थांबायचं नाही हे ठरलेलं, म्हणून उरलेल्या तुकड्याने चालू ठेवलं, नखं कागदावर खरडली, अ‍ॅम्पमधून ते इतकं जोरात आलं की एकाने चक्क दाद दिली.

संपल्यावर एक काका बोर्डाजवळ आले, चष्मा वर करून म्हणाले, "छान, पण हे झालं काय शेवटी?" पुण्यात चित्राचं प्रात्यक्षिक म्हटलं की दीड-दोन तासांत माणसाचा चेहरा उगवणार अशी सवय आहे, त्यांचं काही चुकलं नाही. मी गप्प बसलो. तेवढ्यात मागून एक आजी म्हणाल्या, "खालीला तुझा डावा हात अधांतरी राहतो, ते आवडलं." कागदाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नव्हतं.

आता झपताल घेतोय. त्यात मधेमधे 'ना' येतात, हा बोल फक्त उजव्या हाताचा, म्हणजे डावा सारखा उचल-ठेव, खांदा आत्ताच दुखतोय. कुणी उभ्याने करून बघितलंय का? आणि मोठा कागद बोर्डावर न सरकता कसा धरता तेही सांगा, मास्किंग टेप माझ्याकडे अर्ध्यातच सुटते.