कोल्हापूरच्या माणसाला विचारलं, स्कॉटलंड वेगळं करायचं का?

१८ सप्टेंबर २०१४. स्कॉटलंडनं ब्रिटनमधून फुटून स्वतंत्र देश व्हावं का, या प्रश्नावर एडिनबरातल्या एका शाळेत मी मत दिलं. तेही भारतीय पासपोर्टवर! इथं राहणारे राष्ट्रकुल देशांचे नागरिक, युरोपीय संघातले लोक, सोळा वर्षांची पोरं, सगळ्यांना मत होतं. ग्लासगोत जन्मलेल्या पण लंडनला बदली झालेल्या माझ्या ऑफिसातल्या मित्राला मात्र नव्हतं. त्याचा डूख अजून गेलेला नाही. ओळखपत्र नाही, बोटाला शाई नाही. दोरीला बांधलेल्या शिसपेन्सिलीनं फुली मारायची आणि बाहेर पडायचं.

गावाकडं व्हिडिओ दाखवला तर आबा म्हणाले, "आरं, देश मोडायला निघालेत आणि बंदोबस्त कुठं दिसंना?" त्यांचंही बरोबर. आपल्याकडं १९६३ ला सोळावी घटनादुरुस्ती झाली आणि फुटून निघण्याच्या प्रचाराला लगाम बसला. तमिळ भागातल्या द्रमुक पक्षानं वेगळ्या देशाची मागणी सोडली ती तेव्हाच.

पण इथल्या 'हो'वाल्यांना नक्की काय हवं होतं? राणी तीच, पौंड तोच, नाटो आणि युरोपीय संघही हवाच. भावाभावांत वाटणी करायची, पण विहीर सामाईक ठेवायची, असला प्रकार. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या, म्हणजे ब्रिटन सरकारच्या अर्थमंत्र्यांनी सांगून टाकलं, पौंड मिळणार नाही. मी 'नको'वर फुली मारली ती याच कारणानं. माझा पगार पौंडात होता हो! जवळजवळ ८५ टक्के मतदान झालं आणि ५५ टक्के लोक 'नको' म्हणाले.

तसं स्कॉटलंड इंग्लंडबरोबरच्या १७०७ च्या विलीनीकरणातही पूर्ण विरघळलं नव्हतंच. कायदा, शिक्षण, चर्च वेगळं राहिलं. इथल्या तीन बँका आपापल्या नोटा छापतात. लंडनला एका दुकानदारानं माझी वीसची नोट उजेडात धरून उलटसुलट बघितली आणि परत दिली. आणि फुटबॉल! १८७२ ला ग्लासगोत इंग्लंडविरुद्ध झालेला सामना म्हणजे जगातला पहिला आंतरराष्ट्रीय सामना, गोलशून्य बरोबरी. कोल्हापुरात पाटाकडील-खंडोबा तालमींच्या सामन्याला गळा बसेपर्यंत ओरडणाऱ्यांना वेगळी टीम म्हणजे काय ते मी सांगायला नको.

आपल्या करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानाला एकोणीस तोफांची सलामी होती, स्वतःची रेल्वे होती, तरी डोक्यावर कारभारावर नजर ठेवणारा इंग्रजांचा रेसिडेंट होताच. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. प्रजा परिषदेची चळवळ होती, पण लोकांचं मतदान घेतलं गेलं ते जुनागडात, कोल्हापुरात नाही. म्हणजे सार्वभौमत्व एकतर सगळं असतं नाहीतर काहीच नसतं, असं नाही. ते तुकड्यातुकड्यानं वाटलेलं असतं, आणि खरं भांडण पुढचा तुकडा कुणी कुणाला मागायचा याचं.

२०१६ ला ब्रिटननं युरोप सोडायचं ठरवलं, ते "आपले कायदे आपण करू" असं म्हणत. स्कॉटलंडमधले ६२ टक्के लोक युरोपात राहू म्हणत होते, त्यांना कोण विचारतो? मग २०२२ च्या नोव्हेंबरात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, लंडनच्या परवानगीशिवाय एडिनबरातल्या स्कॉटलंडच्या संसदेला सार्वमताचा कायदाही करता येणार नाही. त्यात कॅनडातून फुटून निघण्याच्या क्वेबेक प्रांताच्या प्रश्नावरच्या १९९८ च्या निकालाचा दाखला आहे: फुटून निघण्याचा हक्क वसाहतींना, दडपलेल्या लोकांना, स्कॉटलंड त्यात बसत नाही. कॅनडाच्या त्याच निकालात पुढं असंही आहे की स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळालं, तर बाकीच्या देशाला वाटाघाटीला बसावंच लागेल. लंडनचे पुढारी तेवढं पान सोडून वाचतात.