किनवटकडच्या कॅम्पातल्या बॅगा

तक्रार एका ओळीची होती. 'फिल्टर चोक होत आहेत, ब्लड वाया जात आहे, रिप्लेसमेंट द्यावी.' खाली लॉट नंबर आणि नांदेड जिल्ह्यातल्या एका ब्लड सेंटरचा शिक्का. कंपनीच्या सिस्टीममध्ये ही तक्रार केव्हाच बंद झाली. माझ्या डोक्यात ती अजून उघडीच आहे, म्हणून लिहितोय.

शिक्षण माझं टेक्स्टाइलचं, नांदेडच्याच एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेजमधलं. गावाकडं अजून विचारतात, "कोणत्या मिलमधी हायस?" आम्ही वाळूजला जे कापड काढतो ते कुणी अंगावर घालत नाही. ते रक्ताच्या फिल्टरमध्ये बसतं. दात्याच्या रक्तातल्या लाल पेशी रुग्णाला हव्या असतात, पांढऱ्या नको असतात. त्या सोबत गेल्या की अंगात ताप भरतो, हुडहुडी सुटते, आणि वारंवार रक्त लागणाऱ्याच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. थॅलेसेमियाच्या लेकराला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढतं, तेही जन्मभर. त्याच्यासाठी पांढऱ्या पेशी आधीच काढलेल्या बऱ्या. ३५० मिलिलीटरच्या पिशवीत त्या दोनशे ते अडीचशे कोटी असतात. अमेरिकी मानकाप्रमाणे मागे ५० लाखांहून कमी राहायला पाहिजेत, युरोपच्या मानकाप्रमाणे १० लाखांहून कमी. एवढ्या कमी पेशी नेहमीच्या सेल काउंटरला दिसतच नाहीत. त्यासाठी नॅजोट चेंबर ही पेशी मोजायची आखलेली काच घेऊन मायक्रोस्कोपखाली डोळे फोडावे लागतात, नाहीतर फ्लो सायटोमीटर हे पेशी मोजायचं यंत्र लागतं.

आमच्या सेल्सच्या लोकांसकट सगळ्यांना वाटतं की ही चाळणी आहे: मोठ्या पेशी अडकतात, लहान खाली जातात. तसं असतं तर मला एवढा पगार कुणी दिला नसता. लिम्फोसाइट ही पांढरी पेशी आकाराने लाल पेशीच्या आसपासच असते. फरक पडतो तो लवचीकपणात आणि चिकटपणात. सात-आठ मायक्रॉनची लाल पेशी अंग मुडपून तीन मायक्रॉनच्या फटीतून निघून जाते. ग्रॅन्युलोसाइट धाग्याला चिकटून बसते, लिम्फोसाइट धाग्यांच्या बेचक्यात अडते. म्हणजे रक्ताला जितका जास्त धागा भेटेल तितकं बरं. दोन मायक्रॉन जाडीचा पॉलिस्टर धागा एक ग्रॅम घेतला तर त्याची लांबी २४० किलोमीटरच्या घरात जाते, संभाजीनगरहून पुण्याला पोचेल एवढी. एका फिल्टरात असे कित्येक ग्रॅम असतात.

मग धागा आणखी बारीक का करत नाही? जाडी निम्मी केली की पृष्ठभाग दुप्पट होतो, पण प्रवाहाला होणारा विरोध चौपट. इथे पंप नसतो. पिशवी स्टँडला टांगायची आणि रक्त आपल्या वजनाने उतरेल तेवढंच. म्हणून थर लावायचे. वर जाड धाग्याचा, सुयांनी ठोकलेला फेल्ट, तो गुठळ्या आणि जेली धरतो. त्याखाली मधला थर. मग मेल्ट-ब्लोनचे बारीक थर, एकाहून एक दाट. सगळ्यात बारीक थर वर टाकला तर काही मिनिटांत सगळं बंद.

हे मेल्ट-ब्लोन म्हणजे माझं खरं घर. पीबीटी या पॉलिस्टरचे दाणे आधी कडक वाळवायचे. ओल राहिली की एक्स्ट्रूडरच्या उष्णतेत पॉलिमरची साखळी तुटते आणि धाग्याऐवजी बारीक मणी पडायला लागतात. आम्ही त्याला 'शॉट' म्हणतो. डायच्या भोकांतून उतरणारा रस गरम हवेच्या झोताने ओढला जातो आणि कलेक्टरवर जाळं बसतं. डाय आणि कलेक्टर यांच्यातलं अंतर बोटभर हललं तरी कापडाचा स्वभाव बदलतो. मग कॅलेंडरच्या, म्हणजे कापड दाबणाऱ्या, रोलरमधून जाडी. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडची हवा इतकी कोरडी होते की कटिंग टेबलावर थर एकमेकांना, हातमोज्यांना, डायला चिकटतात. आयोनायझर लावूनही ऑपरेटर मामांच्या शिव्या ऐकाव्या लागतात. शेवटी कोटिंग. नुसता पॉलिस्टर रक्ताने नीट भिजत नाही, म्हणून धाग्यावर एचईएमए या रसायनाचं पाणी-ओढं आवरण चढवायचं. ते सारखं बसलं की नाही हे पाहायला वाढत्या पृष्ठताणाच्या द्रवांचे थेंब ठेवून बसायचं, कोणता थेंब मुरतो आणि कोणता मोत्यासारखा उभा राहतो ते बघत. हे काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

तक्रार आली तेव्हा आमच्या क्वालिटीच्या साहेबांनी दुपारपर्यंत फिशबोन, म्हणजे माशाच्या काट्यांसारखा कारणांचा तक्ता, काढून टाकला. साहेब माणूस सज्जन, कागदाला पक्का. पण त्यांच्या लेखी जगातली प्रत्येक गोष्ट मॅन, मशीन, मटेरियल, मेथड या चार काट्यांपैकी एकावर बसलीच पाहिजे. ही तक्रार 'मटेरियल'वर बसली, म्हणजे माझ्यावर. सेल्सवाल्यांनी त्याच्याही पुढे जाऊन मीडियावर, म्हणजे फिल्टरातल्या आमच्या कापडावर, उपाय सुचवला, "सर, थोडं मोकळं करा ना मीडिया. कस्टमरला फ्लो पाहिजे." मोकळं केलं की फ्लो येतो, हे त्यांचं खरंच आहे. फ्लो तर नुसत्या नळीलाही असतो.

त्याच लॉटचे फिल्टर लातूरला, जालन्याला गेलेले, तिथून एक शब्द नाही. राखून ठेवलेले नमुने लावले, सगळे पास. मग परत आलेले फिल्टर उघडले. हाउसिंगची वेल्ड कापून थर एकेक करून सोडवायचे, ट्रेमध्ये ओळीने मांडायचे. थर वाचता येतात. गुठळ्यांनी अडला असेल तर वरच्या फेल्टवर काळसर जेली असते. कोटिंग फसलं असेल तर पांढरी कोरडी बेटं दिसतात, रक्त त्यांना वळसा घालून गेलेलं असतं. इथे फेल्ट स्वच्छ होता. भिजणं एकसारखं होतं. आणि पहिल्याच बारीक थराच्या तोंडावर लाल पेशींचा घट्ट, गडद लेप बसला होता. पांढऱ्या नव्हे, लाल. ज्या पेशींनी मुडपून निघून जायचं त्याच दारात उभ्या होत्या.

"मीडियाचा दोष नाही," मी म्हणालो. साहेब म्हणाले, "मग रूट कॉज काय लिहू?"

तपोवन एक्सप्रेसने नांदेड गाठलं. ब्लड सेंटर दुमजली इमारतीत, खाली औषधांचं दुकान. डॉक्टर मिटिंगला गेलेले, म्हणून भेटल्या त्या रक्ताचे घटक वेगळे करणाऱ्या कंपोनंट रूमच्या टेक्निशियन ताई, आणि ते बरंच झालं. मी माझी प्रश्नावली काढली: फिल्टर करताना तापमान किती, पिशवी किती दिवसांची, नळी मुडपली होती का. ताईंनी सगळी उत्तरं दिली, सगळी बरोबर. मग म्हणाल्या, "सर, समद्या बॅगा नाई अडकत. किनवटकडच्या कॅम्पातल्या काहीच अडकूलाल्यात. आन् ह्यातल्या एका डोनरची मागच्या खेपेलाबी अडकली होती. तवा तर फिल्टर दुसऱ्याच कंपनीचा होता."

"तुम्ही हे सांगितलं नाही कुणाला?"

"सांगितलं की. वरचे म्हणले, त्याचं रक्त घट्ट आसंल."

किनवट, माहूर हा नांदेडचा आदिवासी पट्टा, गोंड, कोलाम वस्तीचा. ताईंच्या मनात आधीपासूनच काहीतरी होतं. शेजारच्या लॅबमध्ये सिकलसेलच्या, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या, तपासणीचं सोल्युबिलिटीचं सामान पडलेलं होतं. डॉक्टर आले, त्यांची परवानगी घेतली. नळीत बफर आणि डायथायोनाइट, त्यात अडकलेल्या पिशवीतलं थोडं रक्त, मागे रेघांचं कार्ड. नेहमीच्या रक्तात रेघा आरपार दिसतात. इथे नळी गढूळ झाली, रेघा गायब. दुसरी पिशवी, तेच. न अडकलेल्या पिशवीच्या नळीत रेघा लख्ख. पुढे एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणाऱ्या तपासणीनेही तेच सांगितलं: सिकलसेल ट्रेट. सिकलसेलचं एक जनुक आईकडून किंवा बापाकडून आलेलं, दुसरं चांगलं. असा माणूस धडधाकट असतो. त्याचं हिमोग्लोबिन १२.५ च्या वर भरतं, वजन भरतं, तो रक्तदानाला पात्र ठरतो आणि हौसेने येतो.

ट्रेट असलेल्या माणसाच्या लाल पेशी त्याच्या अंगात बिनबोभाट फिरतात. पण हाताच्या शिरेतून पिशवीत येणाऱ्या रक्तात ऑक्सिजन आधीच कमी, वरून पिशवीतलं अँटिकोअॅग्युलंट आम्लधर्मी. अशा वेळी हिमोग्लोबिन-एसचे, म्हणजे सिकलसेलच्या जनुकातून आलेल्या हिमोग्लोबिनचे, रेणू एकमेकांना जोडून दांडे करतात आणि पेशी ताठ होते. ताठ पेशीला तीन मायक्रॉनच्या फटीतून जाता येत नाही. अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी हे वीसेक वर्षांपूर्वीच मांडलेलं आहे. रक्ताला ऑक्सिजन दिला की ते पुन्हा फिल्टरमधून उतरतं, हेही दाखवलेलं आहे.

वाचलेलं वेगळं, बघितलेलं वेगळं. टाकून द्यायच्या पिशवीतलं रक्त ताईंनी लॅमिनार हूडखाली एका मोठ्या रिकाम्या ट्रान्सफर बॅगेत घेतलं, जंतू गाळणाऱ्या बारीक फिल्टरमधून त्यात हवा भरली आणि बॅग प्लेटलेटच्या अॅजिटेटरवर, म्हणजे पिशव्या हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर, डोलत ठेवली. आम्ही जेवून आलो. वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी, ताईंच्या डब्यातली. परत येऊन बघतो तर काळपट रक्त लालभडक झालेलं. नवा फिल्टर जोडला, स्टँडला टांगला. सकाळी याच रक्ताने फिल्टरात पाय रोवला होता, आता पंचवीसेक मिनिटांत सगळं उतरलं. थर तेच, लॉट तोच.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. माझं कापड निर्दोष ठरलं होतं. पण परतीच्या गाडीत परभणी यायच्या आत तो ओसरला.

एक तर, जी पिशवी अडकते ती निदान कळते तरी. ट्रेटच्या काही पिशव्या रखडत का होईना उतरतात, आणि मग त्यांत पांढऱ्या पेशी मर्यादेपेक्षा जास्त उरलेल्या असू शकतात. वर लेबल मात्र 'ल्युकोरिड्यूस्ड', म्हणजे पांढऱ्या पेशी काढलेलं. मोजणीला महिन्याच्या मोजक्याच पिशव्या जातात, त्यात अशी एखादी सापडायची म्हणजे नशीबच. मीडिया मोकळा करा म्हणणाऱ्यांना मी हेच सांगत होतो. मोकळ्या मीडियातून ट्रेटचं रक्त उतरेलही, पण मग कुणाच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी नीट निघणार नाहीत. एका पिशवीसाठी सगळ्यांचा फिल्टर बिघडवायचा का? सेल्सचा मुलगा म्हणाला, "सर, तुम्ही इमोशनल होताय." मी पांढऱ्या पेशी किती पटीने घटतात त्याचा लॉगरिदम काढून दाखवत होतो, त्यात इमोशनल काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

दुसरं म्हणजे तो दाता. मी ताईंना विचारलं, त्याला सांगितलं का? नाव त्यांनी मला सांगितलं नाही, आणि ते योग्यच केलं. म्हणाल्या, "सांगायला कोणता कॉलम हाय, सर? एचआयव्ही, कावीळ निघाली तर बोलवून समजावून सांगायची पद्धत हाय. फिल्टर चोकचं काय सांगायचं?" रजिस्टरात नोंद 'डिस्कार्ड – फिल्टर फेल्युअर' अशी. दात्याला प्रमाणपत्र आणि बिस्किटचा पुडा मिळालेला. त्याची बायकोही ट्रेटची असेल तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला सिकलसेलचा आजार व्हायची शक्यता चारात एक. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, आदिवासी भागात चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी करायची, कार्डं द्यायची. आणि इथे एक माणूस स्वतः होऊन दोनदा हात पुढे करतो, दोन कंपन्यांचे फिल्टर त्याच्या रक्तावर अडतात, आणि आपण फिल्टरची रिप्लेसमेंट मागतो.

ताईंनी शेवटी डॉक्टरांना गाठलं. डॉक्टरांनी दात्याला फोन करायचं कबूल केलं. केला की नाही, विचारायचा मला अधिकार नाही.

आमच्याकडे साहेबांनी तक्रार बंद केली. सिस्टीममध्ये रूट कॉजच्या यादीत 'डोनर' असा पर्यायच नाही, म्हणून त्यांनी 'कस्टमर एंड – हँडलिंग' निवडलं. ज्या बाईने कारण शोधलं तिच्याच हाताळणीवर ठपका. मी भांडलो. साहेब म्हणाले, ड्रॉपडाउन मुख्य कार्यालयातून येतो. मग मी माहितीपत्रकात एक वाक्य घालायचा प्रस्ताव दिला: 'प्रवाह थांबल्यास किंवा फार मंद झाल्यास दात्याची सिकलसेल ट्रेटसाठी तपासणी करावी.' रेग्युलेटरीला त्यावर हरकत नव्हती. मार्केटिंगला होती. त्यांना वाटतं, असं छापलं की आपला फिल्टर अडतो असं आपणच कबूल केल्यासारखं होतं. फाइल अजून फिरतेय.

दरम्यान ताईंचा मेसेज आला. किनवटकडं पुढचा कॅम्प ठरलाय, सोल्युबिलिटीचं सामान संपलंय, आणि सेंटरच्या खरेदीत ते बसत नाही. मी सेल्सच्या सॅम्पल बजेटमधून मागितलंय. सेल्सचा प्रश्न आला की हा खर्च कोणत्या प्रॉडक्टवर टाकायचा. मी फिल्टरवर टाका म्हणून कळवलंय.