खिंडीपलीकडचा रस्ता आणि सायकलवरचे दोन कॅमेरे

सायकलवर कॅमेरा लावायचे ठरले की बहुतेक जण आधी निरनिराळ्या मॉडेलांची तुलना करत बसतात. या प्रवासाची तयारी करताना मी क्रम उलटा ठेवला. चित्रण कशासाठी हवे आहे ते आधी ठरवले, मग सायकलवर कॅमेरा कुठे घट्ट बसेल ते पाहिले, आणि कॅमेऱ्याची निवड सर्वांत शेवटी केली. रस्ता नदीकाठाने सुरू होणारा, पुढे खडीचा, मग लांबलचक चढ, खिंडीतला बोगदा आणि पलीकडे वळणावळणांचा उतार असा होता. या रस्त्याचे चित्रण मला दोन कारणांसाठी हवे होते: प्रवास नंतर पुन्हा पाहता यावा म्हणून, आणि एखादे वाहन धोकादायक रीतीने जवळून गेले तर त्याचा पुरावा हाती राहावा म्हणून. ही दोन्ही कामे एका कॅमेऱ्यावर सोपवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. आठवणीसाठी केलेले चित्रण निवडक असते; आपण बटण दाबतो तेव्हा ते सुरू होते. पुराव्याचा कॅमेरा मात्र आपल्याला त्याची आठवणही नसताना चालू असावा लागतो आणि कार्ड भरले की सर्वांत जुने चित्रण पुसून त्याने नवे लिहीत राहावे लागते.

म्हणून पुढे हँडलबारपाशी एक छोटा ॲक्शन कॅमेरा आणि मागे सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, लाल दिव्यासह येणारा दुसरा कॅमेरा अशी योजना केली. दिवा आणि कॅमेरा एकाच खोक्यात असलेली उपकरणे सायक्लिक या ऑस्ट्रेलियन कंपनीने सायकलस्वारांच्या परिचयाची केली, आणि गार्मिनने २०२२ मध्ये त्यांत मागून येणारे वाहन टिपणाऱ्या रडारचीही भर घातली. पुढच्या कॅमेऱ्याबाबत मी फारसा विचार केला नाही. निक वुडमन यांनी २००४ मध्ये बाजारात आणलेला पहिला गोप्रो मनगटावर बांधायचा, ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा कॅमेरा होता. तिथून आजवर या उपकरणांनी इतकी मजल मारली आहे की नामांकित उत्पादकांच्या कोणत्याही अलीकडच्या मॉडेलवर दिवसाउजेडी चांगले चित्र मिळते. फरक पडतो तो कॅमेरा कशावर आणि कसा बसवला आहे याने.

नदीकाठच्या गुळगुळीत रस्त्यावर ही गोष्ट लक्षातही येत नाही. डांबर संपून खडी सुरू झाली, आणि पहिल्याच थांब्यावर आम्ही दोघांनी आपापले चित्रण पाहिले. माझ्या सहप्रवाशाने कॅमेरा हँडलबारवर उभ्या, लांब दांड्याच्या क्लॅम्पने लावला होता. त्याच्या चित्रातले विजेचे खांब आणि झाडांचे बुंधे लाटांसारखे हलत होते. याचे कारण कॅमेऱ्याच्या आत आहे. या कॅमेऱ्यांतील सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, संपूर्ण चित्र एका क्षणात वाचत नाही. वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. पहिली ओळ वाचून झाल्यापासून शेवटची वाचली जाईपर्यंत कॅमेरा थरथरला, तर प्रत्येक ओळ किंचित वेगळ्या जागेवरून टिपली जाते आणि सरळ वस्तू वाकड्या दिसतात. दांडा जितका लांब, तितकी त्याच्या टोकाची थरथर मोठी. मऊ रबराची जाड पट्टी मध्ये घातली की हादरे शोषले जातात असे पुष्कळांना वाटते. माझ्या पाहण्यात तरी त्या पट्टीमुळे कॅमेरा डोलू लागतो आणि थरथर तशीच राहते.

माझा कॅमेरा स्टेमच्या, म्हणजे हँडलबारला सायकलशी जोडणाऱ्या भागाच्या, पुढच्या पट्टीवरील बोल्टांनाच जोडलेल्या धातूच्या आखूड ब्रॅकेटवर, सायकल संगणकाच्या खाली उलटा टांगलेला होता. चित्र सुलटे करण्याचे काम कॅमेरा स्वतः करतो. हँडलबार स्टेमपाशी सर्वांत जाड, बहुतेक आधुनिक सायकलींवर ३१.८ मिलिमीटर, असतो आणि बाजूला निमुळता होत जातो. त्या निमुळत्या भागावर क्लॅम्प कितीही आवळला तरी खडीवर हळूहळू फिरतो. हँडलबार कार्बनचा असेल तर आवळण्यालाही मर्यादा आहे. स्टेमवर न्यूटन मीटरमध्ये छापलेला आकडा, जो साधारणपणे ४ ते ६ च्या दरम्यान असतो, ओलांडू नये आणि त्यासाठी आवळण्याचा जोर मोजणारा टॉर्क पाना वापरावा. याशिवाय एक बारीक दोरी कॅमेऱ्यापासून हँडलबारला बांधावी, म्हणजे प्लॅस्टिकचा सांधा तुटला तरी कॅमेरा चाकात जाणार नाही. खडीवर टायरमधली हवा थोडी कमी केल्याने चित्रात जो फरक पडला, तो कोणत्याही महागड्या ब्रॅकेटने पडला नसता.

कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाबद्दलही गैरसमज फार आहेत. आतला जायरोस्कोप हा संवेदक कॅमेऱ्याची हालचाल मोजतो आणि त्या हिशेबाने चित्राच्या कडा कापून आतली चौकट उलट दिशेने सरकवली जाते. मात्र एखादी फ्रेम टिपली जात असतानाच कॅमेरा हलला असेल, तर ती फ्रेम मुळातच पुसट असते आणि ती कितीही सरकवली तरी स्पष्ट होत नाही. म्हणून स्थिरीकरणाला वेगवान शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम टिपायला अगदी कमी वेळ, लागते आणि वेगवान शटरला भरपूर उजेड लागतो. सेकंदाला ३० फ्रेमच्या चित्रणात शटर १/६० सेकंदावर ठेवले की हालचाल डोळ्यांना नैसर्गिक वाटते. लख्ख उन्हात त्यासाठी भिंगावर काळसर फिल्टर चढवतात. गुळगुळीत रस्त्यावर मी तो वापरला, खडी लागताच काढून ठेवला. सहप्रवाशाला हे पटले नाही. त्याचे म्हणणे असे की रस्ता खडबडीत असेल तर तो चित्रातही खडबडीत दिसू द्यावा, आणि ते अगदीच चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही.

चढावर अडचण वेगळीच होती. रुंद कोनाच्या भिंगातून चढ सपाट दिसतो, आणि ज्या रस्त्याने जीव मेटाकुटीला आणला तो चित्रात साधा दिसावा, याचे थोडे वाईटच वाटते. तिथे कॅमेरा छातीवरच्या पट्ट्यात घेतला. त्यामुळे हात, हँडलबार आणि डुलणारे पुढचे चाक एका चौकटीत आले आणि श्वासाचा आवाजही नोंदला गेला. पुढे झुकून बसल्यावर छातीवरचा कॅमेरा थेट चाकाकडे पाहू लागतो; तो पट्ट्यात उलटा बसवला की वरच्या दिशेने जास्त वळवता येतो. हेल्मेटवर कॅमेरा मी लावत नाही. हेल्मेटची सुरक्षा चाचणी असा कठीण गोळा वर बसवून होत नाही, आणि मान वळेल तसे वळणारे चित्र पाहणाऱ्यालाही त्रासदायक होते.

खिंडीजवळ थंडी वाढली आणि बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर उतरू लागली. लिथियम-आयन बॅटरी थंडीत कमी चालते, म्हणून जादा बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवावी. पॉवर बँकेची वायर लावून चित्रण करता येते, पण त्यासाठी झाकण उघडावे लागते आणि मग पाण्यापासूनचे संरक्षण उरत नाही. कार्डाचा हिशेबही आधीच करून ठेवावा: सेकंदाला १०० मेगाबिट या दराने तासाला ४५ गिगाबाइट लागतात, म्हणजे ६४ गिगाबाइटचे कार्ड दीड तासही पुरत नाही. कार्डावर व्ही३० ही खूण असावी. सलग लिहिताना सेकंदाला किमान ३० मेगाबाइट इतका वेग राहील, असा तिचा अर्थ आहे. बोगद्यात दोन्ही कॅमेऱ्यांनी निराशा केली. अंधारात शटर मंदावले आणि दिव्यांच्या रेघोट्यांपलीकडे फारसे काही टिपले गेले नाही.

बोगद्याबाहेर पाऊस होता आणि उतारही. इथे मागच्या कॅमेऱ्याच्या जोडणीचा खरा कस लागला. सीटपोस्ट जमिनीशी साधारण ७३ अंशांचा कोन करून मागे कललेला असतो. कॅमेरा त्याला समांतर बसवला तर तो १७ अंश खाली, म्हणजे ओल्या रस्त्याकडे पाहत राहतो. पाचरीच्या आकाराची पट्टी घालून तो क्षितिजाशी समतल करावा लागतो. सीटखालच्या पिशवीचा पट्टा भिंगासमोर लोंबत नाही ना, हेही पाहावे. चाकाने उडवलेला चिखल मात्र कोणत्याही जोडणीने टळत नाही. मागचे मडगार्ड हाच त्यावर उपाय आहे.

त्या उतारावर एक मोटार हाताच्या अंतरावरून आम्हाला ओलांडून गेली. संध्याकाळी दोन्ही कॅमेऱ्यांचे चित्रण फ्रेममागून फ्रेम तपासले. मोटार अगदी शेजारी असतानाच्या सर्व फ्रेम पुसट होत्या, कारण तेव्हा ती चौकटीत आडवी सरकत होती. सरळ मागे किंवा सरळ पुढे असलेले वाहन चित्रात फारसे सरकत नाही, केवळ लहानमोठे होते. मागच्या भिंगावर चिखलाचा थेंब होता. नंबर पाटी वाचता आली ती पुढच्या कॅमेऱ्यातल्या मोजक्या फ्रेममध्ये, मोटार पुढे गेल्यानंतर लगेचच्या. त्या प्रसंगाचा दोन्ही कॅमेऱ्यांतला भाग कार्डांवरून फोनवर आणि फोनवरून आणखी एका ठिकाणी उतरवून घेतला, कारण मागचा कॅमेरा तोवर जुने चित्रण पुसू लागला होता. तेव्हापासून उतार लागला की पुढचा कॅमेराही मी सलग चालू ठेवतो, सेकंदाला ६० फ्रेमवर आणि फिल्टरशिवाय.